गुडघ्याची किंमत

देवगडात जांभ्याच्या पायऱ्या चढताना म्हातारी माणसं गुडघ्यावर हात टेकतात. निर्गुडीच्या पाल्याने शेकायचं, तेल चोळायचं आणि ‘वयच झालं’ म्हणायचं, ही जुनी रीत.

ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला. जून २००१ मध्ये उजवा. गुडघा बदलता येतो हे टीव्हीमुळे घराघरांत कळलं, पण परवडणार कुणाला? ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कमाल दर ठरवले. दीड लाखाच्या पुढे विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला, जीएसटी वेगळा. शस्त्रक्रियेचा आणि शहरात राहण्याचा खर्च मात्र त्यात धरलेला नाही.

त्यामुळे आजीचा गुडघा कुरकुरू लागला की आधी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजनावर ताबा. शस्त्रक्रिया शेवटी.