प्लेग आणि मुंबईचे घर

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि रोग्याबरोबर त्याचे घरही संशयित ठरले. अंधार, ओल आणि कोंदट हवा यांतच रोग वसतो, या समजुतीने भिंतींना चुना फासला गेला. ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरवली गेली. याच विचारातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून त्याने सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले.

मात्र त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमों यांनी दाखवून दिले की, प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो. तरीही उजेड-वाऱ्याची गरज खोटी ठरत नाही. खरा प्रश्न निराळा आहे: पाडलेल्या घरांतील माणसे गेली कोठे? आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने बांधली त्याहून अधिक घरे पाडली. विस्थापितांनी आसपासच्याच चाळींत आसरा घेतला आणि तेथील दाटी वाढली. पुढे ट्रस्टनेही चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. आंबेडकरांनी अनेक वर्षे काढली.

मराठी साहित्यातील चाळ आपण बहुधा शेजारधर्माची कथा म्हणून वाचतो. तिच्यातील दाटीला धोरणाचाही इतिहास आहे, हे वाचताना ध्यानात असावे.