तळटीप १४ : पोलरॉइडमधील कामगारांचा लढा

१४. पोलरॉइड रिव्होल्यूशनरी वर्कर्स मूव्हमेंट : मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे ऑक्टोबर १९७० मध्ये उभी राहिलेली चळवळ. पोलरॉइड या कॅमेरा कंपनीतील रसायनतज्ज्ञ कॅरोलिन हंटर आणि छायाचित्रकार केन विल्यम्स या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्यासाठी केलेल्या ओळखपत्राचा नमुना कंपनीतच दिसला. त्यावर फोटो होता त्यांच्या एका सहकाऱ्याचा!

मजकुरातले ‘पासबुक’ अर्थातच बँकेचे नव्हे; ते दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीचे ओळखपत्र. सोळा वर्षांवरील प्रत्येक कृष्णवर्णीय आफ्रिकी माणसाला ते जवळ बाळगावे लागे; पोलिसांनी मागितले आणि खिशात नसले, की अटक. त्यावरचे फोटो मिनिटभरात हाती देणारी यंत्रणा पोलरॉइडची होती.

दोघांनी पत्रके वाटली, बहिष्काराची हाक दिली. जानेवारी १९७१ मध्ये कंपनीने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला माल विकणार नाही असे सांगितले. हंटर यांना मात्र त्याच वर्षी नोकरीवरून काढले. माल न विकण्याचे आश्वासन किती पोकळ होते ते १९७७ मध्ये ‘बोस्टन ग्लोब’च्या बातमीने उघड झाले : स्थानिक वितरक गुपचूप सरकारला फिल्म पुरवत होता. मग पोलरॉइडने तिथला गाशा गुंडाळला. पासचे कायदे रद्द झाले ते १९८६ मध्ये.