पिकअपला पुढचं हाऊसिंग : ही युक्ती आली कुठून?

परवा पुन्हा तेच झालं. सोयाबीनचे कट्टे रस्त्यावर उतरवून पिकअप रिकामी परत आणताना पाणंदीत फसली. मागची चाकं जागेवर फिरतायत, चिखल उडतोय आणि गाडी बूडभर खाली. मुलगा म्हणाला, "आबा, हिला फोर बाय फोर करून घेऊ. गॅरेजवाला जुन्या जीपचं पुढचं हाऊसिंग बसवून देतो म्हणतोय." मी हो-नाही काही बोललो नाही. पण पावसामुळे चार दिवस काम बंद होतं, तेव्हा या धंद्याचा इतिहास वाचून काढला. तो तुम्हाला सांगण्यासारखा आहे.

आधी रिकामी गाडी का फसते ते बघा. पिकअपचं इंजिन पुढे, ओढणारी चाकं मागे. माल उतरवला की मागचं वजन जातं आणि चाकाला पकड राहत नाही. सगळा भार ज्या चाकांवर आहे ती पुढची चाकं नुसती ढकलली जातात. पुढच्या चाकांनाही ओढायला लावलं तर इंजिनाचं वजन कामी येतं. विचार सोपा आहे. अडचण ही की पुढची चाकं वळतात पण. वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवायची कशी?

हे कोडं सोडवणारांत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल गावचे दोघे मेव्हणे होते, ऑटो झॅको आणि विल्यम बेसरडिच. मोठ्या कंपनीचे इंजिनिअर नव्हेत, गावातलं छोटं मशीन शॉप चालवणारी माणसं. १९०८ च्या सुमारास त्यांनी चाक वळलेलं असतानाही फिरत राहणारा जॉइंट बसवून चारही चाकांनी चालणारी गाडी केली. त्यातून निघालेल्या कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात हजारोंनी गेले. पण ते जड ट्रक. शेतकऱ्याची साधी पिकअप दोनच चाकांवर राहिली.

तिथे दुसरी मंडळी आली. इंडियानापोलिसला १९३१ साली मार्मन-हेरिंग्टन कंपनी निघाली. १९३५ पासून ती फोर्डच्या तयार गाड्या घेऊन त्यांना पुढचा चालता एक्सल आणि ट्रान्सफर केस बसवून द्यायची. फोर्डने स्वतःची फोर बाय फोर पिकअप कारखान्यातून काढली १९५९ ला. म्हणजे चोवीस वर्षं हे काम बाहेरचे लोक करत होते!

मला जास्त आवडली ती मिनियापोलिसची नॅपको. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सरकारी फोर बाय फोर गाड्या लिलावात निघाल्या होत्या. जीप तर शेतकऱ्यांनी नांगरालाही जुंपली. पण माल वाहायला पिकअपच लागते. नॅपकोने १९५० च्या दशकात शेवरले आणि जीएमसी पिकअपसाठी जोडसंच काढला, नाव 'पॉवर-पॅक'. चेसिस कापायची नाही, थोडी भोकं पाडायची आणि बोल्टने आवळायचं. खरी अक्कल पुढे आहे. पुढच्या हाऊसिंगसाठी त्यांनी शेवरलेच्याच मागच्या एक्सलचे भाग वापरले. त्यामुळे पुढचं-मागचं क्राऊन-पिनियन जुळायचं आणि सुटा भाग जवळच्या शेवरले दुकानात मिळायचा. गाडी विकायची झाली तर संच काढून दुसऱ्या गाडीला लावता यायचा. हे इतकं जमलं की १९५६-५७ पासून जीएमसी-शेवरले हाच संच कारखान्यातून बसवून द्यायला लागले. १९६० ला त्यांनी स्वतःची फोर बाय फोर काढली आणि नॅपकोचं ते काम संपलं.

क्राऊन-पिनियन जुळण्याचं एवढं का सांगतोय? फोर व्हील ट्रॅक्टर ज्यांच्याकडे आहे त्यांना कळेल. पुढचे टायर चुकीच्या साईजचे टाकले की टायर झिजतात, गिअर ओरडतो. कारण पुढची आणि मागची चाकं ठरलेल्या हिशोबातच फिरली पाहिजेत. शेजारच्या गावात एकाने आपल्या पिकअपला भंगारातलं जीपचं हाऊसिंग टाकलं होतं. दात मोजलेच नव्हते. चिखलात चाक घसरतं म्हणून तिथे चाललं, पण डांबरीवर फोर बाय फोर काढायचं विसरला आणि ट्रान्सफर केस फुटली. खर्च झाला तो झालाच, पुढे पासिंगलाही गाडी अडली.

पासिंगचं तर वेगळंच. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. उद्या अपघात झाला तर विमावाला पहिलं हेच बघणार.

गंमत बघा, आपल्याकडे सुरुवात उलटी झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, ती चारही चाकांची. माझ्या लहानपणी आमच्या भागात डिझेल वाचवायला लोक जीपचा पुढचा शाफ्ट काढून ठेवायचे! तेच हाऊसिंग आता भंगारवाला सोन्याच्या भावाने विकतोय.

मुलाला मी एवढंच म्हणालो, गॅरेजवाल्याला दोन गोष्टी विचारून ये. आपल्या मागच्या क्राऊनला दात किती आणि त्याच्या हाऊसिंगला किती. आणि आरटीओचा कागद कोण करून देणार. तो जाऊन आला. दात मोजावे लागतील म्हणाला, कागदाचं तुमचं तुम्ही बघा म्हणाला.

पिकअप सध्या डांबरी रस्त्याच्या कडेला उभी असते. माल तिथपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉलीने नेतो आणि कट्टे दोनदा उचलतो. तुमच्यात कुणी कागदासकट हे काम करून घेतलं असेल तर खाली लिहा, दातांच्या आकड्यासकट.