एकच पट, दोन निवाडे

चाकणचा भुईकोट आता मोटारींच्या कारखान्यांच्या शेजारात आला आहे. १६६० साली शायिस्तेखानाने त्याला वेढा घातला, तेव्हा दोन्हीकडची माणसे मोजणारा म्हणाला असता, डाव खानाचाच! किल्ला अखेर खानाला मिळालाही. पण फिरंगोजी नरसाळ्यांनी ऐन पावसाळ्यात त्याला सुमारे ५५ दिवस तिथे खिळवले. ते दिवस कोणत्या बेरजेत धरायचे?

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकांच्या इतिहासात मला हाच वाद दिसतो. १९५० साली क्लॉड शॅनन यांनी पटाचे मोल आकड्यांत मांडले: वजीर ९, हत्ती ५, उंट व घोडा ३, प्यादे १, शिवाय प्याद्यांची रचना आणि मोहऱ्यांची मोकळीक यांचे थोडे गुण. पुढे हे गुण ज्याने त्याने आपल्या मताने ठरवले; कोणते यंत्र किती चाली पुढचे पाहते, तेही निराळे. म्हणून एकच पट एकाला जिंकलेला वाटे, दुसऱ्याला बरोबरीचा.

२०१७ साली आलेल्या अल्फाझीरोला असे गुण कोणी शिकवलेच नव्हते. स्वतःशी कोट्यवधी डाव खेळून तो शिकला. प्यादे देऊन तो मोकळीक घेई. स्टॉकफिशविरुद्धच्या १०० डावांत त्याने २८ जिंकले, उरलेले बरोबरीत सुटले. २०२० साली स्टॉकफिशनेही मोल ठरवण्याची शिकाऊ रीत स्वीकारली.

माझ्या वर्गातली मुले मोबाइलवर ‘उणे दीड’ दिसताच डाव सोडतात. मी म्हणतो, अरे, हे कोणी मोजले, कशाने मोजले, ते आधी विचारा. आणि तोवर चाकण लढवा!