उराकामीची दिनदर्शिका

वसईच्या ख्रिस्ती घरांत संत गोन्सालो गार्सिया हे नाव अपरिचित नाही. पोर्तुगीज पिता आणि भारतीय माता यांच्या पोटी वसईत जन्मलेला हा मुलगा जपानला गेला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला आणि जपानी भाषेवरील प्रभुत्वामुळे दुभाषी म्हणून पुन्हा जपानमध्ये परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यापूर्वी डाव्या कानाची पाळी कापून, ऐन हिवाळ्यात, क्योटोपासून नागासाकीपर्यंत त्यांची धिंड काढण्यात आली होती. त्यांच्यात लुई इबाराकी हा अवघ्या बारा वर्षांचा मुलगाही होता. १८६२ साली नवव्या पायस पोपमहाशयांनी या सव्वीस जणांना संतपद बहाल केले.

हा इतिहास आपण प्रवचनांतून ऐकत आलो आहोत. परंतु ज्या समाजाच्या डोळ्यांदेखत हे क्रूस उभे राहिले, त्या समाजाचे पुढे काय झाले, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. निशिझाकापासून जवळच असलेल्या उराकामी या खेड्याची ती कथा आहे.

१६१४ साली तोकुगावा राजवटीने संपूर्ण जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. धर्मगुरूंना हद्दपार केले गेले, मंदिरे पाडली गेली. लपून राहिलेल्या धर्मगुरूंपैकी अखेरचे १६४४ साली मृत्यू पावले. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ या लोकांना मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हते, अंत्यसमयी तैलाभ्यंग नव्हते. शिवाय दरवर्षी सरकारी अधिकाऱ्यांपुढे ख्रिस्ताची किंवा मरियामातेची प्रतिमा पायदळी तुडवून आपण ख्रिस्ती नाही असे सिद्ध करावे लागे. या प्रकाराला ‘फुमी-ए’ म्हणत.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. उराकामीचे ग्रामस्थ हुतात्म्यांसारखे निर्भय नव्हते. ते शेतकरी होते, लेकुरवाळे होते. त्यांनी प्रतिमेवर पाय ठेवले. घरी परतल्यावर मात्र ते दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पापनिवेदनासाठी धर्मगुरू उपलब्ध नसल्यास मनःपूर्वक अनुताप कसा करावा, हे शिकवणारी एक छोटी पुस्तिका बंदीपूर्वी, १६०३ साली, जपानमध्ये तयार झाली होती. तिच्यातील प्रार्थना हातोहात नकलून आणि तोंडपाठ करून पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. मरणाचे दुःख हुतात्म्यांच्या वाट्याला आले. यांच्या वाट्याला आले ते जगण्याचे आणि वरचेवर खाली मान घालण्याचे दुःख. दयाळू पिता आपल्याला टाकणार नाही, एवढाच त्यांचा आधार होता.

या आधाराला त्यांनी एक व्यवस्था दिली. गावात गुप्तपणे तीन प्रकारची कामे वाटून दिलेली असत. एक जण धर्मवर्षाची दिनदर्शिका सांभाळी. नाताळ केव्हा, प्रायश्चित्तकाळ केव्हा, पुनरुत्थानाचा सण केव्हा, याची गणना करी. दुसऱ्याकडे बालकांना स्नानसंस्कार देण्याचे काम असे. तिसरा घरोघर निरोप पोहोचवी. दिवसांची गणना, कपाळावरचे पाणी आणि कानात सांगितलेला निरोप, एवढ्यावर ख्रिस्तसभा उभी होती. बास्तियान नावाच्या जपानी धर्मशिक्षकाने ही दिनदर्शिका दिली आणि सात पिढ्यांनंतर मोठ्या काळ्या जहाजांतून धर्मगुरू येतील, असे भाकीत केले, असे परंपरा सांगते. ज्यांनी हे भाकीत मुलांना शिकवले, त्यांच्यापैकी बहुतेकांना ती जहाजे दिसणार नव्हती. तरी त्यांनी ते शिकवले.

१८६५ साली नागासाकीच्या ओउरा भागात परदेशी रहिवाशांसाठी फ्रेंच धर्मगुरूंनी सव्वीस हुतात्म्यांना समर्पित केलेले मंदिर उघडले. १७ मार्च रोजी उराकामीहून पंधराएक माणसे तेथे आली. प्रार्थना करीत असलेल्या फादर पेतिजाँ यांच्या जवळ जाऊन एका स्त्रीने हळूच सांगितले, की आम्हा सर्वांचे हृदय तुमच्यासारखेच आहे. मग तिने विचारले, सांता मारियाची मूर्ती कोठे आहे? बोलता बोलता पाहुण्यांनी हेही सांगितले, की सध्या आमचा दुःखाचा काळ चालू असून आजचा त्यातील सतरावा दिवस आहे. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्च रोजी आला होता. म्हणजे रोमच्या दिनदर्शिकेनुसारही तो सतरावाच दिवस होता! दोनशे वर्षांच्या अंधारात त्यांची गणना एका दिवसानेही चुकली नव्हती.

दुःख मात्र संपले नव्हते. बंदी अद्याप उठलेली नव्हती. १८६७ साली अटकसत्र सुरू झाले आणि पुढील वर्षापासून उराकामीच्या तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती लोकांना जपानभर विखरून हद्दपार करण्यात आले. उपासमार, थंडी आणि छळ यांमुळे सहाशेहून अधिक माणसे दगावली. १८७३ साली उरलेले परतले. या हद्दपारीला त्यांनी ‘ताबी’ म्हणजे प्रवास असे साधे नाव दिले. ज्या गावप्रमुखाच्या वाड्यात पूर्वी फुमी-ए चाले, तीच जागा त्यांनी विकत घेतली आणि अनेक वर्षे खपून तेथे भव्य मंदिर बांधले.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी त्या मंदिरापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर अणुबाँबचा स्फोट झाला. धर्मग्रामातील सुमारे बारा हजार भाविकांपैकी साडेआठ हजार मृत्युमुखी पडले. मंदिरात त्या वेळी पापनिवेदन चालू होते. आतील कोणीही वाचले नाही. क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर ताकाशी नागाई यांना पत्नी मिदोरीच्या अस्थी घराच्या राखेत सापडल्या. शेजारी तिची जपमाळ होती. मिदोरी ही उराकामीत दिनदर्शिका सांभाळणाऱ्यांच्या घराण्यातली. नागाई स्वतः रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते. नोव्हेंबरमधील शोकमिस्साच्या वेळी ते म्हणाले, की युद्धाच्या समाप्तीसाठी उराकामी हे निष्कलंक कोकराप्रमाणे अर्पण झाले.

या शब्दांनी अनेकांना धीर दिला, हे खरे. परंतु अनेकांच्या मनात ते सलतही राहिले. बाँब काय परमेश्वराने टाकला? भाजलेल्या बालकांचे बलिदान त्याला हवे होते काय? हा प्रश्न श्रद्धेच्या विरोधातला नाही. तो श्रद्धेच्याच पोटातून येतो. फेब्रुवारी १९८१ मध्ये दुसरे जॉन पॉल पोपमहाशय हिरोशिमाला आले तेव्हा त्यांनी स्पष्टपणे सांगितले, की युद्ध ही माणसाची करणी आहे. तेथून ते नागासाकीलाही गेले. माणसाच्या पापाचे ओझे देवाच्या इच्छेवर टाकण्याची गरज नाही, हे ऐकून अनेक वयोवृद्ध भाविकांच्या मनावरची गाठ सैल झाली.

नागाई यांच्या विवेचनापेक्षा त्यांची कृती आपल्याला अधिक काही शिकवते, असे मला वाटते. ढिगाऱ्याखाली मंदिराच्या दोन घंटांपैकी एक शाबूत असल्याचे आढळले. तरुणांनी ती उकरून काढली आणि १९४५ च्या नाताळच्या आदल्या रात्री ती वाजवली. १ मे १९५१ रोजी मृत्यू येईपर्यंत नागाई आपल्या इवल्याशा झोपडीत अंथरुणावर पडून लिहीत राहिले, आपल्या दोन मुलांना जवळ घेऊन. १९५९ साली मंदिर पुन्हा उभे राहिले. दुसऱ्या घंटेचा मनोरा मात्र रिकामा होता. ज्या देशाच्या विमानाने बाँब टाकला, त्याच अमेरिकेतील कॅथलिक बांधवांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी ११ वाजून २ मिनिटांनी दोन्ही घंटा एकत्र निनादल्या.

आपल्याही घरांत दुःख येते. दुर्धर आजार, तरण्याताठ्या मुलाचा मृत्यू, ओढवलेली बेकारी. अशा वेळी ‘देवाची इच्छा’ असे आपण चटकन म्हणून जातो आणि दुःखिताची जखम अधिकच खोल करतो. उराकामीकरांनी दुःखाचा अर्थ लावण्याची घाई केली नाही. त्यांनी दिवस मोजले, बालकांना स्नानसंस्कार दिला, शेजाऱ्याकडे निरोप पोहोचवला. दुःखी माणसाच्या उशाशी बसून जपमाळेचे एक दशक म्हणणे, रविवारी त्याच्यासाठी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणे, नाताळला त्याच्या अंगणात तारा लावणे, एवढे तर आपल्या हातात आहेच. प्रायश्चित्तकाळाचा सतरावा दिवस मोजणाऱ्याला ठाऊक असते, की पुढे पुनरुत्थानाचा सण आहे.