कापूस, दारूगोळा आणि पाण्याचा दाब

३१ मे २०१६. मध्यरात्र उलटून गेल्यावर वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात एका शेडला आग लागली. पाठोपाठच्या स्फोटांनी आसपासची गावे हादरली. ग्रामस्थांना रात्रीच घरे सोडावी लागली. मृतांचा आकडा पुढे १९ वर गेला. त्यांत लष्कराचे दोन अधिकारी होते, पण सर्वाधिक होते ते अग्निशामक जवान. आग विझवण्याचे शिक्षण घेतलेली माणसेच पाणी घेऊन गेली आणि परतली नाहीत.

हे समजून घ्यायचे तर ७२ वर्षे मागे, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत जावे लागते. १४ एप्रिल १९४४ रोजी तेथे ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. वर्धा जिल्ह्याला या दोन्ही मालांची ओळख आहे. हिंगणघाटच्या कोणत्याही जिनिंगमधला जुना कामगार सांगेल की दाबून बांधलेली गाठ आतून धुमसते आणि पाणी वरून ओघळून जाते. गोदीत तेच झाले. सुमारे ९०० टन पाणी ओतूनही आग विझली नाही. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यामुळेच.

पाणी तेथे कमी नव्हते, पण त्याची वेळ निघून गेली होती. हायड्रंटची सारी रचना या वेळेभोवतीच उभी आहे. जुन्या लंडनमध्ये रस्त्याखालच्या जलवाहिन्या लाकडी असत. आग लागली की खड्डा खणून त्या नळाला भोक पाडीत आणि काम झाल्यावर लाकडी खुंटी ठोकीत. पुढे त्या जागी कायमची झडप आली. आजच्या उंच इमारतीतील रायझर म्हणजे तीच जलवाहिनी, जिन्यालगत उभी केलेली.

या नळात पाणी असून भागत नाही, दाब लागतो. १० मीटर चढताना पाणी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब गमावते. सर्वांत दूरच्या हायड्रंटवर किमान ३.५ किलो दाब हवा असेल, तर ४५ मीटर उंच इमारतीच्या तळाशी ८ किलो लागतो. नळातील घर्षण वेगळे. गच्चीवरची टाकी पुरेल असे अनेकांना वाटते, पण तिच्या लगत खालचा मजलाच दाबाला मुकतो. म्हणून तळाशी भूमिगत टाकी आणि तीन पंप. छोटा जॉकी पंप गळतीमुळे घटलेला दाब सतत भरून काढतो. कोणी झडप उघडून दाब एकदम पडला की मुख्य विद्युत पंप आपोआप सुरू होतो, वीज गेली असेल तर डिझेलचा. मुख्य पंप आपोआप सुरू झाला तरी बंद मात्र माणसानेच करायचा असतो. आग विझली की नाही, हे यंत्राला कसे कळणार!

प्रत्येक मजल्यावरची ६३ मिलिमीटरची झडप, १५ मीटरचे होज, नोझल ही सारी सामग्री पहिल्या काही मिनिटांसाठी. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक अधिनियमानुसार ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत द्यावे लागते. अनेक सोसायट्यांत मात्र होजची पेटी जिन्यातील झाडू ठेवायला उपयोगी पडते.

दारूगोळ्याला हीही मिनिटे मिळतील याचा भरवसा नसतो. त्यामुळे भांडाराच्या आखणीत पाण्याइतकेच अंतराला महत्त्व असते: शेड एकमेकांपासून लांब, मध्ये मातीचे बांध. पुलगावात ती आखणी टिकली. आग दुसऱ्या शेडपर्यंत पोहोचली नाही. जवान पहिल्या शेडपाशी होते.