काचेआधी पाणवनस्पती

वनस्पतींनी सजलेल्या मत्स्यपेटीचे श्रेय बहुधा काचेला दिले जाते. इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि दिवाणखान्यात मासे आले, अशी ती मांडणी. मला ती अपुरी वाटते. गोल काचपात्रात सोनमासे ठेवण्याची हौस त्याहून जुनी. पण पाणी सतत बदलावे लागे, नाहीतर मासे गुदमरत. उणीव होती ती रसायनशास्त्राच्या समजेची. उजेडात वनस्पती प्राणवायू सोडतात, हे शास्त्रज्ञ इंगेनहाउझने १७७९ मध्ये दाखवले होतेच. लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९ साली १२ गॅलनच्या टाकीत सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवली. कुजक्या पानांनी पाणी गढुळले, तेव्हा त्याने पाणगोगलगाई सोडल्या. त्या कुजकी पाने खात आणि त्यांची अंडी माशांचे खाद्य होत. त्याची खरी प्रतिभा या तिसऱ्या जीवाच्या निवडीत आहे.

सागरी जीवांची अभ्यासक जान व्हिलप्र-पॉवर हिने सिसिलीत १८३२ च्या सुमारासच काचेच्या पेट्या वापरल्या होत्या, असा आक्षेप निघेल. तिचा मान मोठाच. पण त्या पेट्या सागरी जीवांच्या निरीक्षणासाठी होत्या, वनस्पतींच्या आधारे पाणी टिकवण्यासाठी नव्हत्या. स्वस्त काचेने हा छंद घरोघरी पोचवला, हेही खरे; पण तो टिकला वनस्पतींमुळे. वॉरिंग्टनचे निष्कर्ष १८५० मध्ये छापले गेले, तेही लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात.